दहा दिवसांच्या अंतराने दोन निवडणुका

मॉरिशसच्या संसदेसाठी १० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं आणि त्यात मीही मत दिलं. माझ्याकडे भारताचाच पासपोर्ट आहे. मतदान केंद्राबाहेरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस फोन वाजत राहिला. 'नागरिकत्व सोडलंस आणि बोलली नाहीस?' हा आत्येभावाचा पहिला प्रश्न. आईला वाटलं, कुणीतरी कसल्याशा कागदावर माझी सही घेतली. मोठ्या काकांनी सरळ विचारलं, परक्या देशाच्या राजकारणात तू कशाला पडतेस? एकेकाला उत्तरं देऊन झाली, तरी बरंच सांगायचं राहिलं. त्यात डिसेंबरमध्ये आपल्या निवडणूक आयोगाने लोकसभेचे सविस्तर आकडे प्रसिद्ध केले. ते वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाहीये, म्हणून हे लिहिते आहे.

आधी नागरिकत्वाचं. ते गेलेलं नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वीकारलं तर भारताचं जातं, दुसऱ्या देशात मत दिल्याने नाही. मॉरिशसच्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय की मतदार होण्यासाठी माणूस राष्ट्रकुलातल्या, म्हणजे कॉमनवेल्थमधल्या, कुठल्याही देशाचा नागरिक असावा, अठरा वर्षं पूर्ण झालेला असावा आणि मॉरिशसमध्ये किमान दोन वर्षं राहिलेला असावा. बस. १९६८ साली स्वातंत्र्याबरोबर आलेली ही घटना आहे, कुणा पक्षाने कालपरवा काढलेली शक्कल नव्हे. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही, तेही भारतीय पासपोर्टवर तिथल्या संसदेसाठी मत देतात. पण मॉरिशसमध्येही असं आहे हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि इथल्या कितीतरी भारतीयांना अजून ठाऊक नाही.

मला कळलं ते निवडणूक कार्यालयाचा माणूस दारात आला तेव्हा. इथे दरवर्षी यादीसाठी घरोघरी फिरून नोंद घेतात. मी म्हटलं, आम्ही भारतीय आहोत. तो म्हणाला, राष्ट्रकुलातले ना, किती वर्षं झाली? मी सांगितलं, त्याने अर्ज पुढे केला. मी त्याला दोनदा विचारलं, नक्की ना? १९४९ मध्ये प्रजासत्ताक व्हायचं ठरवतानाही आपण राष्ट्रकुलात राहायचं ठरवलं, तो शाळेच्या पुस्तकातला एका ओळीचा विषय. त्या एका ओळीमुळे मी कात्र बॉर्न या आमच्या इथल्या शहरात मतदार झाले. माझ्या ऑफिसात साफसफाईला येणारी बाई मादागास्करची आहे, माझ्याआधीपासून इथे राहते. तिचा देश इथला सर्वांत जवळचा मोठा शेजारी, पण तो राष्ट्रकुलात नाही, म्हणून तिला मत नाही. हे मला पटत नाही. पण तिला नाही म्हणून मीही घेऊ नये, हेही पटत नाही.

प्रचाराचं फार वर्णन करत नाही, आपल्याला त्यात नवीन काही नाही. विजेच्या खांबाखांबांवर पक्षांची निशाणं, मजूर पक्षाचा लाल, एमएमएमचा जांभळा, सत्ताधारी एमएसएमचा नारिंगी. चौकाचौकात पत्रे आणि ताडपत्री टाकून कार्यकर्त्यांचे अड्डे उभे राहतात, त्यांना 'बाज' म्हणतात. रात्री उशिरापर्यंत गाणी आणि बिर्याणी. स्वातंत्र्यापासून या देशाला पाचच पंतप्रधान मिळाले आहेत: शिवसागर रामगुलाम आणि त्यांचे पुत्र नवीन, अनिरुद्ध जगन्नाथ आणि त्यांचे पुत्र प्रविंद, आणि मध्ये दोन वर्षं पॉल बेराँजे. या वेळी लढत सत्तेवरचे एमएसएमचे प्रविंद जगन्नाथ विरुद्ध मजूर पक्षाचे नवीन रामगुलाम अशी होती आणि एमएमएमचे बेराँजे रामगुलामांबरोबर होते. घराणेशाहीवर इथल्या लोकांनी मला काही विचारलं असतं तर महाराष्ट्राची मुलगी म्हणून मी काय बोलणार होते!

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ऑक्टोबरच्या मध्यापासून इंटरनेटवर फोन संभाषणांच्या ध्वनिफिती फुटायला लागल्या. राजकारणी, पत्रकार, वकील, पोलीस अधिकारी, सगळ्यांचे फोन चोरून ऐकले जात होते असं चित्र उभं राहिलं. फिती टाकणाऱ्याने नाव घेतलं होतं 'मिस्ये मुस्तास', म्हणजे मिशीवाले साहेब. बसमध्ये, मेट्रोत, भाजीबाजारात तोच विषय. आणि १ नोव्हेंबरला सरकारने मतदान होईपर्यंत समाजमाध्यमं बंद ठेवण्याचा आदेश काढला. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. इथली दिवाळीची सुट्टी आदल्या दिवशी झाली होती, तरी आमच्या घरी पूजा पुण्याच्या पंचांगाप्रमाणे होती, आणि मी रांगोळीचा फोटो टाकायच्या तयारीत असताना ही बातमी आली. माझ्या फोटोचं सोडा. चिडून उठलेले लोक बघितले ते त्या दिवशी. एरवी राजकारणावर चकार शब्द न काढणारे माझे बॉससुद्धा म्हणाले, आता मी यांना दाखवतो. ओरड इतकी झाली की दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं तर आपण 'कायदा आणि सुव्यवस्था' म्हणून मान डोलावतो आणि वाय-फाय असलेला नातेवाईक शोधतो. इथल्या लोकांनी एक दिवसही सहन केलं नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

ही बंदी मागे घेतली त्या दिवशी २ नोव्हेंबर होता. १८३४ मध्ये याच तारखेला 'अ‍ॅटलस' जहाजातून आलेले गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले होते. त्या घाटाच्या पायऱ्या आजही जपून ठेवल्या आहेत, आणि दरवर्षी त्या दिवशी देशाला सुट्टी असते.

आता शेजारच्या काकूंविषयी. त्या मूळच्या मराठी. पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात आले. काकू बोलतात क्रिओल ही इथली बोली, पण शाळेत मराठी शिकल्या आहेत आणि आरत्या माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ आहेत. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा त्यांच्या अंगणात झाकरी होते, आपल्या कोकणातल्या जाखडीचंच रूप. आम्ही नवीन आलो तेव्हा गॅसपासून डॉक्टरपर्यंत सगळं त्यांनी लावून दिलं. मी मत देणार आहे हे कळल्यावर त्याच काकूंचा चेहरा बदलला.

'तू दोन-तीन वर्षांनी जाशील,' त्या म्हणाल्या. 'जे निवडून येतील त्यांच्याबरोबर आम्हाला राहायचंय.'

मी म्हटलं, काकू, कायद्याने दिलंय.

'कायद्याने कारखान्यातल्या बांगलादेशी पोरांनाही दिलंय,' त्या म्हणाल्या. 'त्यांना कोण उभं आहे ते तरी माहीत असतं का? मालक सांगेल तिथे शिक्का मारतील. आमच्या मतदारसंघात शे-दोनशे मतांनी माणूस पडतो.'

परदेशी कामगारांच्या मतांवरून इथे वाद झालेले आहेत आणि काकूंची भीती हवेतली नाही. कामगाराचा परवाना मालकाच्या हातात असतो, राहायची खोलीसुद्धा मालकाची. अशा माणसाचं मत मोकळं असेल का, हा खरा प्रश्न आहे. पण मी तो कामगार नाही, हे त्यांना सांगताना मला जीभ अडखळल्यासारखं झालं, कारण मग मी स्वतःला त्या पोरांपासून वेगळं काढत होते. एबेन या ऑफिसांच्या भागातल्या काचेच्या इमारतीत हिशेब तपासणारी मी आणि शिलाई मशीनवर बारा तास बसणारा तो, दोघेही दोन वर्षांच्या एकाच अटीने मतदार झालो. कायद्याने आमच्यात फरक केला नाही आणि मलाही करायचा नाही. त्याच्या मालकाला धाक हवा, त्याचं मत काढून घेणं हा उपाय नाही.

माझ्यापुरतं मी काकूंना जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण काकांचा प्रश्नही तोच होता. माझ्या पगारातून कर इथे कापला जातो. माझी मुलगी इथल्या शाळेत जाते. उन्हाळ्यात नळाला पाणी किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार, यावर माझा दिवस ठरतो. बाजारात भाव वाढतो तेव्हा तो परदेशी म्हणून मला सूट देत नाही. मी उद्या जाईनही, पण आज राहते आहे, आणि सरकार आजचंच असतं. पाहुणी म्हणून मुकाट राहा असं कुणी म्हणत असेल तर पाहुण्याला कुणी कर भरायला लावत नाही. काकूंना हे पटलं की नाही ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, बरं, मग निदान तिघं नीट बघून निवड.

तिघं, कारण इथल्या प्रत्येक मतदारसंघातून तीन खासदार जातात. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ, साठ जागा. रॉड्रिग्ज बेटाच्या दोन. आमचा अठरा नंबरचा, बेल रोझ आणि कात्र बॉर्न. मतपत्रिका कागदी आणि हातभर लांब. नावं आडनावांच्या क्रमाने, म्हणजे एका आघाडीचे तिघं तीन कोपऱ्यांत. तीनच फुल्या मारायच्या, एक कमी किंवा जास्त झाली की मत बाद. शाळेच्या वर्गात मतदान, रांगेत आजीआजोबांपासून टॅटूवाल्या पोरांपर्यंत सगळे, रविवार असल्यामुळे कुणाला रजेचा प्रश्न नाही. मी वर्तमानपत्रं वाचून, दोन सभा ऐकून, तिघांची माहिती काढून गेले होते. पुण्यात मी इतका अभ्यास करून कधी मत दिलेलं नाही, हे खरं आहे. तिथे घरात लहानपणापासून ऐकलेलं पुरायचं. कुणाला दिलं ते लिहिणार नाही. देशात एकूण सुमारे ८० टक्के मतदान झालं. आपल्या महाराष्ट्र विधानसभेला ६६ टक्के झालं तर पेपरांनी 'विक्रमी' म्हणून मथळे दिले होते.

पेट्या रात्रभर पहाऱ्यात आणि मोजणी सोमवारी. दुपारनंतर प्रविंद जगन्नाथांनी पराभव मान्य केला. ते स्वतः मोका-कार्तिए मिलितेरमधली आपली जागाही हरले. मुख्य बेटावरच्या साठपैकी साठ जागा रामगुलामांच्या आघाडीला. साठ-शून्य. हे तिसऱ्यांदा झालं, याआधी १९८२ आणि १९९५ मध्ये. आमच्या गल्लीत रात्री दोनपर्यंत हॉर्न आणि फटाके. मी खिडकीत उभी होते आणि आनंद होतच होता, पण मनात एक हिशेबही चालू होता. हरलेल्या आघाडीला २७ टक्के मतं होती. चारातल्या एकाहून जास्त मतदारांचा एकही माणूस निवडून आला नाही.

मग इथली ती अजब तरतूद पुढे येते, 'बेस्ट लूझर'. हरलेल्यांपैकी काही जणांना, जास्तीत जास्त आठ, संसदेत घेतात, समाजांचा तोल राखला जावा म्हणून. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराला अर्जावर आपला समाज लिहावा लागतो: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि उरलेले सगळे 'सामान्य लोकसंख्या'. प्रमाण ठरतं ते १९७२ च्या जनगणनेवरून, कारण त्यानंतर समाजवार मोजणीच झालेली नाही. आपले मराठी, तमिळ, तेलुगू सगळे 'हिंदू' या एका रकान्यात. इथल्या बऱ्याच तरुणांना हा रकाना नकोसा झालाय. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही २०१२ मध्ये त्यावर मॉरिशसला बोल लावला होता. मलाही माणसाला रकान्यात कोंबणं आवडत नाही. पण या वेळी विरोधकांना संसदेत पाय ठेवायला जागा मिळाली ती याच तरतुदीने. ज्यो लेझोंगार आणि एड्रियन ड्युव्हाल हे दोघं हरूनही आत आले आणि लेझोंगार विरोधी पक्षनेते झाले.

हे मी इतकं लांबण लावून का सांगते? २३ नोव्हेंबरला आपला निकाल लागला. २८८ पैकी २३० जागा महायुतीला. विरोधातल्या एकाही पक्षाला दहा टक्के, म्हणजे २९ आमदार मिळाले नाहीत, आणि जानेवारी २०२५ उजाडला तरी विधानसभेत विरोधी पक्षनेता नव्हता. साठ-शून्य झालेल्या देशात विरोधी पक्षनेता होता आणि महाराष्ट्रात खुर्ची रिकामी होती. माझे मॉरिशियन सहकारी ऑफिसात मोठ्या उत्सुकतेने मुंबईचे आकडे विचारायचे, 'भारत जगातली सर्वांत मोठी लोकशाही' असं म्हणत. मी त्यांना एका दिवसात साडेनऊ कोटींहून जास्त मतदारांच्या राज्यात मतदान कसं होतं ते अभिमानाने सांगितलं. त्यांच्या अख्ख्या देशात दहा लाख मतदार. तो अभिमान खोटा नव्हता. रिकाम्या खुर्चीचं मात्र त्यांना सांगितलं नाही, ते इथे तुम्हाला सांगते आहे.

आणि आता तो आकडा, ज्याने मला हे लिहायला बसवलं.

मी कोथरूडची मतदार आहे. परदेशस्थ भारतीयांसाठी नमुना ६-अ असतो, तो भरला, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या केंद्राच्या यादीत शेवटी वेगळ्या रकान्यात नाव आलं. २०११ पासून ही सोय आहे. सोय एवढीच की नाव लागतं. मत द्यायचं तर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः त्या केंद्रावर जायचं. म्हणजे मी मॉरिशसहून मुंबईचं विमान पकडायचं, मुंबईहून पुणे गाठायचं, बुधवारी सकाळी रांगेत उभं राहायचं आणि परत यायचं. १० नोव्हेंबरला घरापासून चालत जाऊन परक्या संसदेसाठी मत दिलं. २० नोव्हेंबरला स्वतःच्या राज्यासाठी ऑफिसात बसून मोबाईलवर टक्केवारी बघितली.

२०२४ च्या लोकसभेला देशभरात परदेशस्थ मतदारांची नोंदणी १,१९,३७४ होती. मत द्यायला आले २,९५८. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्राचे नोंदलेले ५,०९७. आलेले १७.

सतरा! काका म्हणतात, तुम्हाला एवढी हौस असेल तर या की विमानाने, केरळवाले येतातच ना. केरळवाल्यांचं कौतुक मलाही आहे. पण दुबईच्या बांधकामावरचा माणूस, अमेरिकेतली व्हिसाच्या रांगेतली मुलगी, किंवा दोन लहान मुलं असलेलं इथलं एखादं कुटुंब, यांना मतासाठी महिन्याचा पगार घालवायला सांगणं हा हक्क कसला? सीमेवरच्या जवानाला २०१६ पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवतात आणि तो ती टपालाने परत करतो. म्हणजे यंत्रणा आहे. परदेशस्थांनाही तीच पद्धत द्यावी असं निवडणूक आयोगाने २०२० मध्ये सरकारला सुचवलं होतं. त्याआधी प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत मंजूर झालंच नाही आणि लोकसभेची मुदत संपताच बाद झालं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा फ्रेंच सहकारी २०२४ च्या जून-जुलैत फ्रान्सच्या संसदेसाठी लॅपटॉपवरून मत देऊन मोकळा झाला, आणि परदेशातल्या फ्रेंच लोकांसाठी तिथे अकरा खासदार वेगळे आहेत. मी त्याच्याकडे बघत होते.

मॉरिशसची तरफदारी करताना एवढं मान्य केलं पाहिजे की परदेशात गेलेल्या स्वतःच्या नागरिकांना हा देशही तिथून मत देऊ देत नाही. काकूंचा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे. माझं मत त्यांना का टोचलं हे मला त्यावरून उमगलं: त्यांच्या घरातला बाहेर, आणि भारतातून आलेली मी आत. पण मॉरिशसने निदान बाहेरून आलेल्यांसाठी दार उघडं ठेवलंय. आपण दोन्ही बाजूंनी बंद केलंय. काकूंची सून पुण्यात दहा वर्षं राहिली असती तरी तिला महापालिकेचंसुद्धा मत मिळालं नसतं. आपला देश केवढा, इथे तेवढी माणसं असती तर त्यांनीही दार लावलं असतं, असं माझा नवरा म्हणतो. असेलही. पण स्वतःच्या माणसांना आत घ्यायला लोकसंख्येची अडचण कुठली?

परदेशात राहून आम्हाला मत कशाला हवं, कर तर तिकडे भरता, असं म्हणणारे घरातच आहेत. माझ्या सासूबाईंचं पेन्शन, त्यांचा दवाखाना, आमचं कर्ज चालू असलेलं कोथरूडचं घर, त्याचा मिळकत कर, समोरच्या रस्त्यावर तीन वर्षं चाललेलं काम, हे सगळं महाराष्ट्रातच आहे. मी परत येणार आहे, हेही मी कधी लपवलेलं नाही.

महापालिकांचं म्हणाल तर दोन्हीकडे बरीच वर्षं सारखीच गत होती. कात्र बॉर्नची नगरपालिका निवडणूक २०१५ नंतर नुसती पुढे ढकलत राहिले, ती झाली थेट २०२५ मध्ये. पुण्याची २०१७ ची, मुदत संपली मार्च २०२२ मध्ये, आणि पुढची झाली जानेवारी २०२६ मध्ये.  पुण्यातल्या पुढच्या निवडणुकीची तारीख लागली की लगेच कळवा. रजा आणि तिकीट जमवायला मला तीन आठवडे तरी लागतील.